पुस्तकात नसलेलं वाक्य

आमच्या ह्यांना काय झालं होतं असं कुणी विचारलं की मी 'काही नाही' म्हणायचे, आणि ते खरंच होतं. नोकरी शाबूत होती. मुलगी लग्न होऊन श्रीरामपूरला नांदत होती, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. घरात कुणी गेलं नव्हतं, भाऊबंदांशी भांडण नव्हतं, प्रकृतीत खोट नव्हती. हे साखर कारखान्यात केमिस्ट होते, सेहेचाळीस वर्षांचे होते, आणि बोलायचे थांबले. म्हणजे एका दिवसात नव्हे. नळाचं पाणी जातं तशी आधी धार बारीक झाली, मग थेंब पडू लागले, आणि मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की नळ कोरडाच आहे.

दुष्काळाचं वर्ष होतं ते. ऊसच नव्हता, त्यामुळे हंगाम सुरू झाला न झाला तोच आटोपला. सगळं शिवार रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसलेलं. अशा वेळी ज्याच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटते त्याने उदास असणं म्हणजे माजच. आमच्या शेजारणीने एकदा ऐकवलंच, "लोकांना भाकर मिळंना अन् सायबांना करमंना, व्हय?" मी हसून वेळ मारून नेली आणि घरी येऊन भांडी आपटली. राग तिचा आला नव्हता. ती म्हणाली तेच मलाही मनातून वाटत होतं, त्याचा आला होता.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. ज्वारी आली, माणसं रस्त्यावरून पुन्हा शेतात परतली. मला वाटलं, आता हेही परततील. तसं काही झालं नाही. दिवाळीला माझे धाकटे दीर आले तेव्हा ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातावर बांधलं. "मला आता वेळ बघायचं कारण पडत नाही," म्हणाले. दिरांना आनंद झाला. मग चांगला लोकरी कोट शिपायाला दिला, तोही खूश. पेन गेलं, कॅरमचा बोर्ड गेला. कॉलनीत बोलबाला झाला की साहेब फार दिलदार. मी मात्र घरातून काय काय गेलं ते मोजू लागले. माणूस बदली होऊन दुसऱ्या गावी जाताना असं सामान वाटतो, आणि ह्यांची बदली कुठेच झालेली नव्हती.

ह्यांच्या छातीत दुखतं असं माझ्या मनानेच सांगून मी त्यांना नगरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी लावली, पापण्या ओढून पाहिल्या, ह्यांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "पंचेचाळिशी ओलांडली की काही पुरुषांना असं होतं. मन रमवा त्यांचं. नाटक-सिनेमाला न्या." जेवणानंतर एक गोळी असं सांगावं तशा आवाजात सांगितलं. मीही चाळिशी ओलांडलेलीच होते. माझं मन रमवायला कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण ते जाऊ द्या. मी खूणगाठ बांधली की औषध तर औषध, डोस चुकवायचा नाही.

पहिला डोस सोनईला. पावसाळा संपला की तिथे टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. बसायला घरून पोतं न्यायचं, आणि मधोमध कनात: बायका अलीकडे, पुरुष पलीकडे. आता ज्याच्यासाठी आले तोच कनातीपलीकडे, म्हणजे औषध पोटात गेलं की नाही कळायला मार्ग नाही. कनातीला एके ठिकाणी फाटलेलं होतं. पडद्यावर मायलेकरांची ताटातूट चालली होती, साऱ्या बाया डोळे पुसत होत्या, आणि मी त्या फटीतून नवऱ्याचं तोंड न्याहाळत होते. शेजारची म्हातारी शेवटी न राहवून म्हणाली, "बाई, शिनेमा तिकडं हाय."

परतताना मी विचारलं, "कसा होता?" "बरा होता," म्हणाले. पुढच्या बाजाराला पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्यालाही. प्रत्येक वेळी बराच होता. झालं असं, की गोडी मलाच लागली. नायिका आजारी पडली की मी ढसाढसा रडून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी मला कसं हलकं वाटायचं, भाकऱ्या टम्म फुगायच्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

मग नगरला एका कंपनीचं नाटक लागलं. फार्स होता, लोक हसून हसून मरतात असं सांगत होते. आम्ही चौथ्या रांगेत बसलो. पहिल्याच अंकात थिएटर नुसतं गदगदत होतं, आणि हे झोपले. घरी रात्रभर आढ्याकडे बघत पडून राहणारा माणूस एवढ्या गलक्यात गाढ झोपला. हळूहळू त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. नगरात त्या काळी चारचौघांत नवऱ्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसणारी बाई म्हणजे लोकांना नाटकाबरोबर फुकटचा दुसरा खेळ. मागच्या रांगेतून खाकरणं झालं, कुजबुज झाली. मी हलले नाही. तीन अंक तशीच बसले, हात आखडून मुंग्या आल्या तरी. त्यांना झोप लागली यातच मला तिकिटाचं चीज झालेलं वाटलं, आणि दुसरीकडे भीतीही वाटली, की जागेपणी ह्यांना नकोसं तरी काय झालंय.

पुण्याला माझ्या भावाच्या वाड्यात एकांकडे टेलिव्हिजन आला होता. नुकताच पुण्यात दिसायला लागलेला. लाकडी कपाटासारखा, पुढे सरकती दारं, आणि त्याच्यासमोर सतरंजीवर सगळा वाडा. मुलाला भेटायचं निमित्त करून मी ह्यांना तिथे घेऊन गेले. एक गृहस्थ बातम्या वाचत होते. बाकीची माणसं बातम्या ऐकण्यापेक्षा त्यांचा टाय बघत होती. हे मात्र एकटक पडद्याकडे बघत राहिले. बाहेर पडल्यावर, बोळात, मी न विचारताच म्हणाले, "तो माणूस सारखा आपल्याकडे बघत होता, पण त्याला आपल्यातलं कुणी दिसत नव्हतं. माझं तसं झालंय. मी तुम्हा सगळ्यांकडे बघतो."

कित्येक महिन्यांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. मी बोळातच उभी राहिले. एवढं बोलले याचा आनंद मानावा, की जे बोलले त्याचं दुःख करावं, हे मला कळेना. मी मूर्खासारखी म्हणाले, "चला, उशीर होतोय." एवढं मात्र तेव्हा मला उमगलं, की नुसतं समोर बसवून ह्या माणसाला काही होणार नाही. त्याला पडद्याच्या आत ढकलायला हवं.

आमच्या कॉलनीत गळीत हंगाम संपला की नाटक व्हायचं. बसवायचे स्टोअरचे हेडक्लार्क, इकडच्याच गावातले, नाटकाचं भारी वेड असलेले. मी त्यांच्या घरी गेले आणि विचारलं, ह्यांच्याजोगं काम आहे का.

"काम हाय, वहिनी," ते म्हणाले. "बापाचं काम रिकामं हाय. करनाऱ्याची बदली झाली. पन सायब बोलतील का? मी वर्सात त्येंचा आवाज ऐकला न्हाई."

"बोलतील. पुस्तकातलंच तर बोलायचंय," मी म्हटलं. "आणि प्रॉम्प्टिंग मी करीन."

बाई प्रॉम्प्टर हे कॉलनीत कुणी ऐकलं नव्हतं, पण विंगेत उभी राहिलेली बाई प्रेक्षकांना दिसत नाही, म्हणून खपलं. ह्यांना मी विचारलं नाही, सांगितलं, "तुमचं नाव दिलंय." ह्यांनी मान हलवली. त्या दिवसांत ते कशालाच नाही म्हणत नसत. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

नाटक घरगुती होतं. एक निवृत्त मास्तर, त्याची बायको, आणि बापाला न विचारणारे दोन मुलगे. तिसऱ्या अंकात बाप मुलांना शिव्याशाप देत लांबलचक भाषण करतो आणि घर सोडून जातो. बायकोच्या कामाला कॉलनीतली बाई उभी राहणं अशक्यच, तेव्हा दरवर्षीसारखी नगरहून बाई ठरवली होती. अशी ठरवलेली बाई प्रयोगाच्या दिवशी सकाळी यायची. तोवर तालमीत तिची वाक्यं प्रॉम्प्टरने वाचायची, असा रिवाज.

म्हणजे महिनाभर रोज संध्याकाळी मी माझ्याच नवऱ्याची बायको झाले. पोरंटोरं हसायची, हेडक्लार्क त्यांना दटावायचे. मास्तर म्हणायचा, "आज आमटीत मीठ कमी पडलंय गं," आणि मी पुस्तकात बघून वाचायचे, "माझंच लक्ष नव्हतं हो." असल्या फुटकळ वाक्याने माझ्या अंगावर काटा यायचा. कारण घरी ह्यांनी मिठाचं नाव काढून वर्ष होऊन गेलं होतं. मध्ये एकदा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नव्हतं. हे मुकाट जेवून उठले होते. आणि इथे, क्लबच्या त्या कोंदट खोलीत, तेच मला मीठ कमी म्हणत होते, "थकलीस का?" म्हणून विचारत होते, "तुझ्यामुळे इतकी वर्षं निभावली" असं सांगत होते. दुसऱ्याने लिहिलेलं असलं म्हणून काय झालं. मी दिवसभर त्या घटकेची वाट बघायचे.

आणि ह्यांच्यातही फरक पडला. दाढी रोज होऊ लागली. संध्याकाळी तालमीच्या आधी कारखान्याच्या फार्मकडे एकटेच फिरून यायचे, तो नेम दिवाळीच्या आधीपासूनचा, तो चुकवला नाही. शेजारीणसुद्धा म्हणाली, सायबांचा चेहरा जरा उजळला. मला वाटलं, जिंकले मी. डॉक्टरांना पेढे द्यायचे, इथवर माझं ठरलं होतं.

प्रयोगाला आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या जुंपून माणसं आली. गोदामापुढच्या पटांगणात ड्रमांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. नगरहून आलेली बाई चांगली मुरलेली होती. तोंडात पान, हातात पिशवी. आल्या आल्या म्हणाली, "कुटं हुबी राहू तेवढं दावा. बाकी मला कानात द्या, मी घेते." आणि खरोखरच तिने घेतलं. मी हळूच दिलेलं वाक्य ती अशी उचलायची, की तेच तिचं घरचं बोलणं वाटावं. मला तिचा थोडा हेवाही वाटला. महिनाभर ज्या जागेवर मी उभी होते तिथे ती उभी होती, आणि माझ्याहून बरी दिसत होती.

दोन अंक छान गेले. तिसऱ्यात भाषणाची जागा आली. मुलगे खाली माना घालून उभे, बाई कोपऱ्यात, आणि हे मधोमध माइकखाली. ह्यांनी तोंड उघडलं आणि थांबले. मी पहिला शब्द दिला. त्यांनी घेतला नाही. मी जरा मोठ्याने दिला. तरी नाही. समोरच्या विंगेत हेडक्लार्कांनी कपाळावर हात मारलेला मला दिसला.

"मला तुमचा राग आलेला नाही," हे म्हणाले.

पुस्तकात असं काही नव्हतं. मी बोटाने ओळ शोधत होते आणि हे बोलत होते. "यायला पाहिजे, पण येत नाही. कशाचाच येत नाही. सकाळी उठलो की वाटतं, हा दिवस दुसऱ्या कुणाचा तरी आहे, चुकून माझ्याकडे आलाय. जेवतो, चव लागत नाही. तुम्ही हसता ते ऐकू येतं, मला हसू येत नाही. ही माझ्यासाठी जिवाचा आटापिटा करते आणि मला तिची कीव येते. संध्याकाळी फिरायला जातो म्हणून सांगतो आणि विहिरीवर जातो. काठावर बसतो. वाकून आत बघतो. मग मनात येतं, ही जेवायची थांबली असेल, आणि उठून परत येतो. रोज तेवढ्यावरच परत येतो."

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. एवढ्या मोठ्या जमावात ही वाक्यं नाटकातली नाहीत हे ठाऊक असलेलं माणूस मी एकटी. हेडक्लार्कांनाही वाटलं, साहेब विसरले आणि वेळ मारून नेली. पटांगणात पोरंसुद्धा गप्प झाली होती. मग मागून कुणीतरी ओरडलं, "वन्समोअर!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळीकडून वन्समोअर, वन्समोअर.

तेवढ्यात आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे बक्षीस आलं. बक्षीस आलं की नाटक जागच्या जागी थांबतं. सूत्रधार चिठ्ठी घेऊन पुढे झाला आणि माइकमध्ये म्हणाला, "सोनईचे एक व्यापारी, बापाच्या कामावर खूश होऊन, अकरा रुपये बक्षीस देत हायती, मंडळ त्येंचं आभारी हाय." बक्षिसाला नटाने हात जोडायचे असतात. विहिरीत वाकून बघणारा माझा नवरा स्टेजवर हात जोडून उभा होता, आणि लोक त्याला तेच पुन्हा म्हणायला सांगत होते. मला त्या साऱ्या पटांगणाचा असा संताप आला, की पडदा ओढून टाकावा. पण त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? त्यांना भिडलं म्हणूनच ते ओरडत होते.

समोरच्या विंगेतून हेडक्लार्क हाताने 'पुन्हा घ्या' म्हणून खुणा करू लागले. ह्यांनी तोंड उघडलं. शब्द येईना. आपलं रडणं कुणाला पाठ नसतं. त्यांनी मान वळवली आणि माझ्या विंगेकडे पाहिलं. नुसतं बघणं नव्हतं ते. मी त्यांना दिसत होते.

मी एकदाच ऐकलं होतं, पण माझ्या काळजावर प्रत्येक शब्द उमटला होता. मी दिला. "मला तुमचा राग आलेला नाही." त्यांनी घेतला. मी पुढचा दिला, त्यांनी घेतला. त्यांच्या मनातलं मी माझ्या तोंडाने कुजबुजत होते आणि ते माझ्यामागून माइकमध्ये म्हणत होते. 'मला तिची कीव येते' हेसुद्धा मीच दिलं. विहिरीच्या वाक्यापाशी मी थांबले. ते थांबून राहिले. मी तेही दिलं. आणि शेवटी, 'रोज तेवढ्यावरच परत येतो' झाल्यावर, मी माझं एक वाक्य पुढे जोडलं: "यापुढे मी विहिरीवर जाणार नाही."

त्यांनी ते घेतलं नाही. मी पुन्हा दिलं. माझ्याकडे बघत ते क्षणभर उभे राहिले, मग पाठ फिरवून, नाटकात लिहिल्याप्रमाणे, घर सोडून निघून गेले. टाळ्या थांबेनात.

घरी जाताना मी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. कॉलनीच्या भर रस्त्यातून, सगळ्यांदेखत. घरात आल्यावर विचारलं, "कधीपासून?"

"पाणी आल्यापासून," ते म्हणाले.

दुष्काळानंतर फार्मवरच्या त्या विहिरीला पाणी आलं तेव्हा कॉलनीतल्या बायकांबरोबर मी तिची ओटी भरून आले होते. खण, नारळ, हळदकुंकू. हात जोडून म्हटलं होतं, बाई, अशीच भरलेली राहा. मी जमिनीवर बसले आणि रडले, आणि रडता रडता त्यांना वाटेल ते बोलले. कीव कसली येते तुम्हाला माझी, म्हटलं, कीव करायला मी काय भीक मागते आहे? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून हे प्रसिद्ध झाले. कारखान्याच्या गेटवर, वजनकाट्यावर, जो तो म्हणायचा, सायब, काय भाषण टाकलंत. हेडक्लार्क वही घेऊन घरी आले. "वहिनी, ते लिवून द्या. ते न्हाई तर नाटक न्हाई." कारण मिरजगावच्या आणि खर्ड्याच्या जत्रांमधून बोलावणी आली होती. मी सरळ नकार देणार होते. हे म्हणाले, "करू."

"कशासाठी?" मी त्यांच्यावर खेकसले.

"ते म्हणतो तेव्हा कुणीतरी ऐकतं," ते म्हणाले. पुस्तकाच्या समासात मी पेन्सिलीने ते भाषण लिहून काढलं, आणि खाली माझं वाक्यही. संध्याकाळी ते फिरायला निघाले की मी चपला घालून तयार असे. विहिरीपाशी दोघं काठावर बसायचो. त्यांनी मला ये म्हटलं नाही, आणि नको असंही म्हटलं नाही.

मिरजगावला त्यांनी भाषण केलं, वन्समोअर मिळाला, मी माझं वाक्य दिलं. दोन्ही वेळा त्यांनी घेतलं नाही. नगरच्या बाईने मला आत आल्यावर विचारलं, "ताई, ते शेवटचं सायब सोडून का देत्यात? चांगलं हाय की." मी म्हटलं, "विसरतात."

खर्ड्याला गर्दी मिरजगावहून जास्त होती. ट्रकमधून जाताना सारी मंडळी खुशीत गात होती, आणि हेही तोंडातल्या तोंडात ताल धरत होते. मला ते आवडलं आणि आवडलं नाही. भाषणाची जागा आली. ह्यांनी सुरुवात केली आणि माझ्या ध्यानात आलं, की त्यांना आता माझी गरज नाही. कुठे आवाज पाडायचा, कुठे बाईकडे बघायचं, 'वाकून आत बघतो' म्हणताना किती वाकायचं, सगळं त्यांना साधलं होतं. शेवटी त्यांनी श्वास घेतला, आणि मी ओठ हलवायच्या आत म्हणाले, "यापुढे मी विहिरीवर जाणार नाही." 'नाही' म्हणताना आवाज नेमका तिथेच चिरला जिथे चिरायला हवा. नगरची मुरलेली बाई खरोखरीची रडली. लोक उभे राहिले.

मी किती दिवस ह्या वाक्याची वाट बघत होते. पण ते इतकं सुरेख म्हटलं गेलं होतं, की त्याच्यावर माझा विश्वास बसेना. मी ज्याला पडद्याच्या आत ढकललं तो आत जाऊन पक्का नट झाला होता, आणि नटाचं खरं कुठलं ते विंगेतून कळत नाही.

परतीच्या ट्रकमध्ये सगळे सामानावर डोकी टेकून झोपले होते. उजाडत आलं होतं. मी ह्यांना विचारलं, "ते म्हणालात ते खरं, की नाटक?"

ते म्हणाले, "म्हणत होतो तेव्हा खरं होतं. आत्ता विचारशील तर मला सांगता येत नाही." आणि थोड्या वेळाने, "मला ते धरून ठेवता येत नाही गं. तू देत जा."

पुढे बरीच वर्षं, सकाळी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवताना मी ते वाक्य हळूच म्हणायचे. बहुतेक दिवशी ते माझ्यामागून म्हणत. कधी पुटपुटत, कधी वैतागून, कधी पेपरातून डोकं वर न काढता. काही दिवशी नुसताच चहा पिऊन उठत. त्या दिवशी मी हातातलं काम तसंच टाकून त्यांच्या मागोमाग लॅबच्या दारापर्यंत जायचे, आणि सुट्टीचा भोंगा होईपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहायचे.